देवदाराची बाजू

मास्तरांना रिकामे हात कधीच सोसले नाहीत. जन्मभर कपडे शिवले, मग दुकान मुलाच्या हवाली केलं आणि घरात येरझारा घालायला लागले. घरातला बुद्धिबळाचा पट बंद पडला, तेव्हापासून तर त्यांच्या जिवाला चैन म्हणून नव्हतं.

रोज संध्याकाळी मास्तर आणि त्यांची बायको डाव मांडत. बायकोला सगळी गल्ली काकू म्हणायची, आणि बहुतेक डाव काकूच जिंकायच्या. मग काकूंची नजर गेली. आधी कडेकडेनं गेली, मग सगळीच. मास्तरांनी प्लॅस्टिकच्या काळ्या मोहऱ्यांना दोरे बांधून पाहिले. दोरे सुटायचे, आणि काकूंना विचारावं लागायचं, "हा तुमचा की माझा?" एका संध्याकाळी त्यांनी पटावरून हात मागे घेतला.

"दर चालीला तुम्हाला विचारायचं, तर तुम्हीच खेळा की दोन्ही बाजूंनी. मला नको."

काकू हे शांतपणे बोलल्या, तेच मास्तरांना लागलं. भांडल्या असत्या तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. भांडायची दोघांना सवय होती.

मग मास्तरांनी स्क्रोल सॉ आणली. शिलाई मशीनची चुलत बहीण म्हणावी अशी ही करवत: सुईच्या जागी दोऱ्याएवढं पातं, वर-खाली नाचणारं, आणि लाकूड कापडासारखं हातानं वळवत न्यायचं. मोहरे करायची रीतही शिंप्याला आवडावी अशीच. कागदी नमुना ठोकळ्याच्या कोपऱ्यावर दुमडून दोन बाजूंना चिकटवायचा. एका बाजूनं आकार कापायचा, पण तुकडे फेकायचे नाहीत, पुन्हा जागच्या जागी बसवून चिकटपट्टी गुंडाळायची. मग ठोकळा वळवून दुसऱ्या बाजूनं कापायचं. शेवटी कातरण बाजूला केलं की आतून घोडा निघतो. तोवर आत घोडा आहे की खेचर, हे देवालाच ठाऊक.

सगळं अडलं ते लाकडापाशी. मास्तरांनी वखारवाल्याचं डोकं खाल्लं. शिसव हवंसं वाटलं, पण एवढ्या जाडीला ते पात्याला दाद देईना. धूर निघाला, पातं तुटलं, ठोकळ्याची कड करपली. पाइनचं एक फळकूट मऊ निघालं, पण मधेच गाठ, आणि गाठीशी पातं वाकडं चालायचं. एकाचे रेषे आडवे, त्यात घोड्याचे कान टिकेनात. मास्तर प्रत्येक फळी दारात उजेडाला न्यायचे, थुंकी लावून खरा रंग पाहायचे आणि परत ठेवायचे. घरी जेवताना उठून जुन्या तुकड्यांवर नख ओढून बघायचे.

"पायाला भिंगरी लागली आहे का?" काकू विचारायच्या. "बसा की जरा."

शेवटी वखारवाल्यानंच कोपऱ्यातली एक फळी ओढली. सालीकडचा भाग लोण्यासारखा पांढरट, आतला गाभा चॉकलेटी काळा. रेषे सरळ, गाठीचं नाव नाही.

"एकाच झाडाचं आहे, मास्तर," तो म्हणाला. "रंग दोन, पण करवतीला फरक कळायचा नाही."

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. मॅचिंग म्हणतात ते हेच, ते वाटभर स्वतःशी बोलत आले. दोन घोडे कापले, एक पांढरा, एक काळा. कान शाबूत, मान डौलदार. घासून गुळगुळीत केले, आणि उतावळेपणानं तेलही न लावता काकूंच्या दोन तळहातांवर एकेक ठेवला.

काकूंनी बोटं फिरवली. मानेवरून, कानांवरून, पुन्हा मानेवरून. त्यांचा चेहरा खुलला.

"बाई, काय सुरेख झालेत हो. नाकपुड्यासुद्धा लागतात हाताला." मग त्यांनी दोन्ही घोडे आलटून पालटून तोलले. "यातला तुमचा कोणता नि माझा कोणता?"

"अगं, पांढरा तो—" मास्तर म्हणाले आणि तिथेच थांबले.

काकूंनी दोन्ही घोडे टेबलावर ठेवले, अगदी हळू, त्यांना दुखू नये अशा बेतानं. मास्तर उठले, खिडकीशी गेले, परत आले. जन्मभर दोरे रंगाला रंग लावून निवडले होते त्यांनी, आणि इथेही तेच केलं होतं. डोळे असून आंधळा कोण, ते आता सांगायला नको होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"चल," ते म्हणाले. "चप्पल घाल."

"कुठे?"

"वखारीत. लाकूड तू निवडायचंस."

वखारीत काकूंनी कोणाची घाई चालू दिली नाही. एकेक तुकडा हातात तोलला, नखानं टोचला, नाकाशी नेला. वखारवाला नावं सांगायला लागला तर त्याला गप्प केलं. मास्तर मागे उभे राहून चुळबुळत होते. मधेच म्हणाले, "रेषे सरळ आहेत का बघ, नाहीतर कान उडतील." काकूंनी बोट फिरवून सांगितलं, "सरळ आहेत. पण इथे खाली गाठ आहे, तुम्हाला दिसली नाही." आणि खरंच होती.

एका तुकड्याशी त्या रेंगाळल्या. हलका, मऊ, आणि लोकरीचे कपडे ठेवलेल्या कपाटासारखा वास.

"देवदार," मास्तरांच्या तोंडून गेलंच.

"ही माझी बाजू." मग त्यांनी एक बिनवासाचा, हाताला भार देणारा, थंड तुकडा मास्तरांपुढे धरला. "ही तुमची. तुमच्या चालीही अशाच जड असतात."

त्या जड लाकडानं मास्तरांना घाम फोडला. घाई केली की धूर, दाबलं की पातं तुटायचं. खुर्चीवर पाय हलवत, स्वतःला दटावत, मुंगीच्या पावलानं ते कापत राहिले. मधल्या काळात पटाच्या घरोघरी भोकं पाडली आणि मोहऱ्यांना खुंट्या बसवल्या, चाचपताना डाव सांडू नये म्हणून. काकू मोहऱ्यांचं एकदाही विचारत नव्हत्या, हीच मास्तरांना मोठी टोचणी होती. नको म्हणालेलं माणूस पुन्हा हो म्हणेलच, असं कोणी लिहून दिलं होतं?

शेवटचं प्यादं निघालं त्या संध्याकाळी मास्तरांनी पट मांडला आणि समोर बसले. काकू आल्या, बसल्या. दोन्ही हात पटभर फिरवले. एक मोहरा उचलून नाकाशी नेला, परत ठेवला, आणि चाल केली.

डाव पुढे सरकला. मास्तरांचा पाय टेबलाखाली हलतच होता. काकूंची बोटं पटावरून चालत आली, एका उंटावर थांबली आणि तो खुंटीसकट उपसला.

"अगं," मास्तर न राहवून म्हणाले, "तो माझा उंट आहे."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मारला."

मास्तरांनी पटाकडे पाहिलं. आता त्यांचा वजीरही अडचणीत होता.