कोरं सोनं

सुईचं टोक आणि सोन्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंब — यंत्राच्या जाड काचेतून दोन्ही एकमेकांकडे सरकताना दिसत होती, आणि ती नेहमीसारखी श्वास रोखून बघत होती, तिच्या श्वासाने आत काही बिघडणार नव्हतं तरी.

मग ती पडद्याकडे वळली. सोन्यावर तिचे रेणू पडलेले. प्रत्येकाच्या पोटात धातूचा एक अणू, तोच चुंबक. धातूवर आडवे झाले की असल्या रेणूंचं चुंबकत्व बहुधा मावळतं. तिच्या रेणूंचं टिकलं होतं. सुई रेणूवर थांबवली की पडद्यावर एक रेषा उमटते; तिच्यात मधोमध उभा राहणारा सुळका ही त्याची खूण. त्या सुळक्यापायी तर ती मागे राहिली... नवऱ्याची बदली झाली, लेक त्याच्याबरोबर गेली, आणि ही म्हणाली, ‘हाताशी आलंय रे, एवढं होऊ दे.’ ‘बघ बाई, तुझं तू,’ तो म्हणाला होता.

आज हात चुकला. सुई रेणूशेजारच्या कोऱ्या सोन्यावर थांबली. तिथे रेषा सपाट यायला हवी — सुळका आला. तिने सुई आणखी लांब नेली, जिथे आसपास रेणूच नव्हता. तिथेही आला, तसाच, देखणा.

म्हणजे कधीतरी एक रेणू उडून सुईलाच चिकटला होता. खालचे जिवंत की मेलेले, देव जाणे; ती जिथे जाई तिथे आपणच नेलेला चुंबक बघत होती. कोऱ्या सोन्यावर सुई तपासायची, हा तर पहिला धडा, नव्या पोरांना ती स्वतःच शिकवायची. पण सुळका दिसला आणि तिने तो धडा गुंडाळून ठेवला. एकदा चांगली लागलेली सुई छेडायची नाही — या खोलीत सगळेच मानतात, कशावर विश्वास नसलेलेसुद्धा. भीती वाटली होती तिला... छे, भीती कसली, लोभच तो.

सर दारातून डोकावले. “शोधनिबंध धाडतोय गं आज. शेवटचं बघून घेतलंस ना?”

“बघतेय, सर.”

“तुझ्या बघण्याला काही अंत?” ते हसले. “पाचला धाडतो मग.”

सांगायला हवं होतं. ते गेले, आणि तेवढ्यात फोन वाजला. शाळेच्या मधल्या सुट्टीतला, रोजचा.

“आई, जेवले मी. सगळं छान आहे. ठेवू? मैत्रिणी थांबल्यात.”

“ठेव, बाळा.”

रोज त्या ‘छान’मध्ये तिला काहीतरी हललेलं ऐकू यायचं, दाबलेलं, आपल्यासाठी झुरणारं, त्यावर तिचा दिवस निघायचा, रात्र निघायची. आज तिने फोन कानाशीच धरून ठेवला... आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, की लेकीचं खरंच छान चाललं असेल.