लंगडी चाळणी आणि सहा तासांचे सूप

मी एक जुनी, लंगडी चाळणी आहे, मित्रांनो. पीठ चाळायची नव्हे, शिजलेल्या पदार्थातले पाणी निथळायची. कारखान्यात एका धडधडत्या यंत्राने माझ्या अंगाला एका दमात शेकडो भोके पाडली आणि खाली तीन पाय डकवले. त्या पायांचा मला भारी तोरा होता.

मी एका शिंपीकाकांच्या घरी आले. काका आठवडाभर कपडे शिवत आणि रविवारी हौसेने स्वयंपाक करत. मला सिंकमध्ये ठेवायचे, वरून भांडे उपडे करायचे. पाणी मोरीला, ऐवज माझ्यापाशी. वर्षानुवर्षे हाच शिरस्ता होता. काकू मला घासताना कौतुक करत, तेव्हा मी फुशारून जाई.

मग एकदा मी ओट्यावरून पडले आणि माझा एक पाय तुटला. सिंकमध्ये ठेवले की मी कलंडू लागले. घरात स्टीलची नवी चाळणी आली, माझ्यात कांदे भरले गेले. खोटे कशाला सांगू, मला फार वाईट वाटले.

त्या वर्षी काकूंना लांबलेला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव काही परत येईना. दोन घास खाऊन त्या ताट सरकवत. त्यांचे कपडे ढगळ झाले, म्हणून काकांनी शिवणी दोनदा आत घेतल्या. "तिसऱ्यांदा घ्यायला लावू नकोस गं," असे काका दोरा तोडत म्हणाले.

एके दिवशी काकूच म्हणाल्या, "अहो, ते रामेन खावंसं वाटतंय. नूडल्सचं सूप. लग्नानंतर आपण खाल्लं होतं ना, तसं."

काकांना तेवढेच हवे होते. रविवारी सकाळी सहालाच त्यांनी कोंबडीची हाडे, आले, लसूण आणि कांद्याची पात मोठ्या पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवली. कणीक घट्ट मळून लाटली आणि पट्टी लावून तिच्या नूडल्स कापायला घेतल्या.

"बाबा, नूडल्सची मापं घेतोयस?" लेक हसली.

"वाकडं कापलेलं मला बघवत नाही," काका म्हणाले.

दुपारी बाराला सूप गाळायची वेळ झाली. नव्या चाळणीत धुतलेला पालक होता. काकांनी माझ्यातले कांदे काढले, मला धुतले आणि हाताच्या सवयीने थेट सिंकमध्ये ठेवले. खाली भांडे नाही! सहा तासांचे सूप मोरीत जाणार, हाडे तेवढी माझ्यापाशी राहणार, आणि मला ओरडता येत नव्हते. काकांनी पातेले तिरके केले. पहिले हाड माझ्या काठावर आदळले आणि मी, नेहमीसारखीच, कलंडले.

"काय कटकट आहे या लंगडीची!" पळीभर सूप वाया गेले होते. काकांनी वैतागून पातेले खाली ठेवले, एक मोठे रिकामे भांडे ओढले, त्यावर मला घट्ट बसवले आणि सगळे सूप ओतले.

तेवढ्यात लेक वाडगे घेऊन आली. सिंकमधले हाड पाहून ती थबकली. "बाबा! सूप सिंकमध्ये नाही ना ओतलंस?"

काकांनी सिंककडे पाहिले, मग माझ्याखालच्या भांड्याकडे. ते मटकन स्टुलावर बसले. "ओतलंच होतं गं! हाडं वाढली असती तुझ्या आईला. ही पडली म्हणून वाचलो." त्यांना हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. मलाही हायसे वाटले.

काकूंनी पहिला घोट घेतला. मग नूडल्स ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने त्यांनी रिकामा वाडगा पुढे केला. "अहो, अजून आहे का?"

लेक मला नवा पाय बसवून आणणार होती. "खबरदार!" काका म्हणाले. "पाय बसवलास तर ही सिंकमध्ये उभी राहील."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे मोडके भांडे कोपऱ्यात पडून असेल. त्याला टाकायची घाई करू नका, एवढेच माझे मागणे. मी आता ओट्याजवळच्या खिळ्यावर असते. तिथून काकांचे शिलाई मशीन दिसते. काल तिथे बसून त्यांनी काकूंच्या कपड्यांच्या त्या आत घेतलेल्या शिवणी उसवल्या.