बिभीषण सुधारला त्या दिवशी

मोटारसायकलनं उडवलं तेव्हापासून बिभीषणचा पाय गेला तो गेलाच. ऑपरेशन झालं, पण मेंढरांमागं माळ तुडवणं संपलं. माजलगावला कारखान्यात कामाला असलेल्या लेकानं, जीवननं, कळप विकून टाकला. धर्मापुरीच्या घरात बिभीषण आणि बायको साखराबाई, दोघंच उरली.

त्याची झोप उडाली. ताट तसंच मागं सारायचा. दिवस मावळला की पिऊन पडायचा. "आता माझा काय उपेग हाय?" एवढंच बोलायचा.

साखराबाईनं फोनवर सांगितलं, तर जीवन म्हणाला, "आई, वयानं व्हतंय. ध्यान देऊ नको."

मग एका सकाळी बिभीषण उठला, दाढी केली, धुतलेलं धोतर नेसला. पोटभर जेवला. काठी टेकत राधाकिशनच्या घरी गेला. शेताच्या बांधाच्या भांडणावरून त्या दोघांचा कित्येक वर्षं अबोला होता. त्या दिवशी चहा पिऊन आला. घरी राखलेली एकुलती मेंढी पुतण्याला, अभिमन्यूला, देऊन टाकली. सून अंजूला फोन लावून म्हणाला, "लई केलंस पोरी आमचं. सासूला संबाळ."

"तात्या सुधारले," असं सगळी भावकी म्हणाली.

साखराबाईला मात्र ते खरं वाटेना. तिचा दीर म्हाळूही असाच एकदम मोकळा झाला होता. सगळ्यांना भेटून आला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःला संपवलं. "काल तर किती चांगला बोलला," असं लोक मयतीला म्हणत होते.

नवऱ्याला सरळच विचारते म्हणाली, तर शेजारच्या बायनाबाईनं तिला अडवलं. "असलं इचारू नगं बाई. मनात नसंल तर येईल."

साखराबाई घरात गेली. बिभीषण भिंतीला टेकून शांत बसला होता. ती समोर बसली.

"खरं सांगा. म्हाळूभाऊजीवानी जीव द्यायचं मनात हाय का तुमच्या?"

त्याच्या तोंडावरचा सगळा उजेड गेला.

"तुला कुणी सांगितलं?"

तिनं त्याचा हात धरला. "कावून? कावून ओ?"

"थकलो. कायबी वाटंना झालतं. ठरीवलं तवा लई हलकं वाटलं."

ती रडली नाही. त्याचा हात धरूनच तिनं अभिमन्यूला हाक मारली. शेतातली फवारणीची औषधं आधी घरातून न्यायला लावली, मग जीप आणायला. जीप येईपर्यंत तिनं हात सोडला नाही. बिभीषणही सोड म्हणाला नाही.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांनी दारूचं विचारलं, झोपेचं विचारलं, भावाचंही विचारलं. "हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "गोळ्यांचा गुण यायला वेळ लागेल. तोवर यांना एकटं सोडायचं नाही. तुम्ही विचारलंत, हे फार बरं केलंत."

बिभीषणला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जीवन तिथं आला. बापाच्या खाटेशी उभा राहून हसत म्हणाला, "काय तात्या, आता बरं हाय ना?"

बिभीषणनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तेवढ्यात डॉक्टर आल्या. "आज येतंय का मनात?"

"येतंय," तो म्हणाला.

जीवन हसायचा थांबला आणि बापाजवळ खाटेवर बसला. साखराबाईनं नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"रोज सांगत जावा," ती म्हणाली. "येईल तवा सांगा. आमी हावोत."

जीवन त्या दिवशी माजलगावला परत गेला नाही.