ती घरीच असती

बिडकीनच्या रस्त्यावर टेम्पोनं मला उडवलं आन उजवा हात कोपरातून काढावा लागला. नुकसानभरपाईचा दावा संभाजीनगरच्या कोर्टात उभा राहिला. साक्षीला आमचे मालक.

विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "तुमच्या पत्नी कस्तुराबाई काय काम करतात?"

मागं बाकावर चार पाहुणे बसलेले. मालकांनी मिशीवर हात फिरवला. "आमच्या घरातल्या बाया कामाला जात नाय, साहेब. ती घरीच असती. काय बी करत नाय."

वीस वर्षं मी मेंढरं राखली, शेळ्यांच्या धारा काढल्या, दहा माणसांच्या भाकरी थापल्या. जज साहेबांनी मालकांचा शब्द जसाच्या तसा लिहून घेतला. निकालात म्हणलं, कमाईचा पुरावा नाही, म्हणून भरपाई कमीत कमी. हात टेम्पोनं नेला, भरपाई मिशीनं नेली!

आता मेंढरांमागं एक गडी ठेवलाय, भाकरीला अन् धारंला एक बाई. महिना भरला तशी दोघांनी मजुरी मागितली. मालक भडकले, "एवढी मजुरी? असं करता तरी काय तुम्ही?"

मी वसरीतून म्हणलं, "काय बी नाय. मी करत होते तेच."