दावणीला तात्याबा

"इमाम, बांध मला."

"कशाला?"

"त्या खांबाला."

शेजारच्या इमामनं आधी तात्याबाकडं बघितलं, मग गोठ्यातल्या म्हशीकडं. दोघंही कासावीस. वेणा मात्र म्हशीलाच होत्या.

अडलेली म्हस सोडवण्यात तात्याबाचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता. पन्नाशी उलटली तसं त्यानं नात्यातल्या संयोगिताला हाताखाली घेतलं. शिकवायचाही मन लावून. फक्त ऐन वेळी "सरक जरा" म्हणून स्वतःच कोपरापर्यंत हात घालायचा. दोन वर्षांत संयोगिता पाणी तापवायला आणि सरकायला तेवढी शिकली.

आज तिनं सांगूनच टाकलं, "मामा, आज मधी आलासा तर उद्यापास्नं मी न्हाई यायची. लोक मला पानीवाली म्हनत्यात."

आणि म्हस नेमकी तात्याबाची स्वतःची. दारातली एकुलती एक.

इमामनं कासऱ्यानं त्याला अंगणातल्या खांबाला आवळलं. ऊन रणरणत होतं. रेडकाचा एक पाय बाहेर दिसत होता, दुसरा आत दुमडलेला.

"वढ!" तात्याबा ओरडला.

संयोगितानं रेडकू उलट आत ढकललं.

"आगं, आत काय घालतीस? भाईर काढायचंय त्येला!"

"जागा झाल्याबिगर पाय सरळ हुईल व्हय? तुमी तरी काय करताय? असंच ढकलताय की. तोंडानं सांगत न्हाईसा, त्यो भाग येगळा."

 हे आपण करतो, हे तात्याबाला आजच कळलं.

तेवढ्यात म्हस हंबरली आणि मटकन खाली बसली. तात्याबानं असा काही हिसडा दिला की खांबच बुडासकट उपटून आला.

"सुटलास की रं!" इमाम म्हणाला.

पाठीला खांब घेऊन तात्याबा दोन पावलं गोठ्याकडं गेला. संयोगिताचा हात कोपरापर्यंत आत होता. डोळे मिटलेले. नुसत्या बोटांनी ती पाय शोधत होती. तात्याबा थांबला. तसाच मागं मागं सरकला, खांब चाचपडत खड्ड्यात बसवला आणि त्याला टेकून उभा राहिला.

"इमाम, माती लोट बुडात. पायानं दाब."

"तात्याबा, तुजं डोस्कं..."

"दाब म्हन्तो न्हवं!"

इमामनं दाबली. तात्याबाच्या पायाचे अंगठे जमीन उकरत होते. बऱ्याच वेळानं गोठ्यात काहीतरी बदकन पडलं आणि शिंकलं.

"रेडी हाय, मामा!" संयोगिता ओरडली. "म्हस बी उठली!"

तात्याबाचे डोळे भरले. पुसायला हात मोकळे नव्हते.

एवढ्यात लालासाहेब फटफटी दामटत अंगणात आला. "तात्याबा, चल बिगीबिगी! माजी म्हस अडलीया!"

तात्याबानं हनुवटीनं गोठ्याकडं दाखवलं. "तिला ने. मला बांधलंय."

लालासाहेबानं एकदा खांबाकडं बघितलं आणि फटफटी वळवली.  हात धुऊन संयोगिता गाडीवर बसली. इमाम कासऱ्याची गाठ सोडायला वाकला.

"थांब रं," तात्याबा घाईनं म्हणाला. "गाडी वढ्यापल्याड जाऊ दे आदी."