परत आलेलं बदक

बाइंडरला आपल्या कामाची घमेंड होती. बावीस वर्षांत आपल्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही, हे तो स्वतःच सांगायचा, आणि दुसरं कोणी सांगायच्या आत सांगायचा. वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्याच्याकडे यायची आणि पुठ्ठ्याचा नवा कोट घालून परत जायची. त्यातलं एकही त्याने वाचलेलं नव्हतं. "वाचत बसलो तर शिवणार कोण?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

वाचायचं काम घरात लेकीकडे होतं. वय वर्षं नऊ. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, म्हणून सगळे तिला टकळी म्हणत. बाप सुईदोरा घेऊन बसला की ही समोरच्या स्टुलावर चढून मोठ्याने वाचायची. पुस्तकं पुष्कळ झाली, पण फिरून फिरून गाडी यायची ती एकाच गोष्टीवर. एक नावाडी आणि त्याचं लंगडं बदक. वाचनालयाने रद्दीत काढलेली ती प्रत बाइंडरनेच चार वर्षांपूर्वी तिच्यासाठी शिवली होती. त्यात पूर येतो, बदक वाहून जातं, नावाडी काठावर बसून राहतो. आणि पुढच्या प्रकरणात बदक नावेच्या टोकाला पुन्हा हजर. पूर आला की बाइंडरची सुई थांबायची, आणि बदक परत आलं की चालू लागायची. अर्थात हे तो कबूल करायचा नाही.

आता त्या पुस्तकाची लेखिका प्रत्यक्ष येणार होती. वाचनालयाच्या साहित्य मेळ्यात रविवारी सकाळी मुलांशी तिच्या गप्पा होत्या. टकळीला महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं.

"बाबा, प्रत्येकाने एकच प्रश्न विचारायचाय. माझे सतरा आहेत."

"मग सोळा घरी ठेव."

तिने ठेवले. बाप इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, पण नखांतली खळ काही निघाली नाही. वाचनालयाच्या दारात ग्रंथपालबाई भेटल्या. तळघरातली जुनी, दुर्मीळ पुस्तकं बांधायला काढायची होती आणि त्यासाठी भरवशाचा माणूस हवा होता. "उद्या समितीपुढे तुमचंच नाव ठेवतेय," त्या म्हणाल्या. बाइंडर हॉलमध्ये शिरला तो छाती दोन इंच फुगवूनच.

लेखिका पिकल्या केसांची, ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची होती. मुलांनी विचारलं, तुम्ही रोज लिहिता का, शाळेत तुम्हाला गणित यायचं का, तुमच्याकडे मांजर आहे का. मग टकळीचा नंबर लागला. पुस्तक छातीशी धरून ती उभी राहिली.

"बदक पुरात वाहून जातं आणि मग परत येतं, तेव्हा नावाडी त्याला 'कुठे होतंस' असं का विचारत नाही?"

लेखिका गोंधळली. पुढच्या रांगेतला एक चष्मेवाला मुलगा मागे वळून म्हणाला, "बदक परत येतच नाही. हिने पुस्तक वाचलेलंच नाही." सगळी पोरं हसली.

"बाळ, पूर तर शेवटच्या प्रकरणात येतो," लेखिका जपून म्हणाली. "बदक जातं, नावाडी वाट बघत बसतो, आणि गोष्ट तिथेच संपते."

टकळीचे कान लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा तिचा पट्टा बंद पडला होता.

बाइंडरला आधी वाईट वाटलं ते बदकाचं. म्हणजे आलंच नाही ते? आणि मग त्याला ते पुस्तक शिवलं तो दिवस आठवला. पाच फर्म्यांचं, म्हणजे घडीच्या पानांच्या पाच जुड्यांचं, बारकं पुस्तक, सोळा पानांच्या एकेका फर्म्यात एकेक प्रकरण. खालची कड वाळवीने खाल्लेली, म्हणून त्याने ती शिवण्याआधीच कापून टाकली होती. तिच्याबरोबर पानांचे आकडे गेले, शेवटचं 'समाप्त' गेलं. सुटे फर्मे खिडकीत ठेवले होते. वारा आला, ते खाली पडले, आणि त्याने उचलले ते तसेच शिवले. पाचवा फर्मा तिसऱ्या जागी गेला होता.

गप्प बसता आलं असतं. पोरं जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरली असती. ग्रंथपालबाई तीन खुर्च्या सोडून बसल्या होत्या आणि उद्या समिती होती. पण लेकीचे कान अजून लालच होते, आणि ते त्याला बघवेना.

तो उभा राहिला. "पोरीने नीट वाचलंय," तो म्हणाला. "चूक माझी आहे. मी बाइंडर. उघड्या खिडकीतून वारा आला, फर्मे पडले, आणि पुराचा फर्मा मी मध्येच शिवला."

ग्रंथपालबाईंनी सावकाश मान वळवली.

लेखिकेने हात पुढे करून पुस्तक मागितलं. पुराच्या प्रकरणाचा शेवट तिने मोठ्याने वाचला. नावाडी काठावर एकटा, पाणी ओसरलेलं. मग तिने पान उलटलं. "सकाळी बदक नावेच्या टोकाला बसलं होतं. 'सरक,' नावाडी म्हणाला, आणि त्याने वल्हं उचललं."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "ही वाक्यं माझीच," ती म्हणाली, "पण अशी शेजारी ठेवायचं मला सुचलं नव्हतं. बदक जातं तो शेवट लिहिताना मी आठवडाभर रडले होते. आता तूच सांग बाळ, का विचारत नाही तो?"

टकळीला कंठ फुटला. "आलंय ना ते? मग कशाला विचारायचं? मी एवढी बोलते, पण बाबाला यायला उशीर झाला की मीसुद्धा विचारत नाही. नुसती सरकून जागा करते."

या वेळी हसलं कोणी नाही. लेखिकेने पुस्तक तिला परत दिलं. चष्मेवाला मुलगा टकळीची प्रत बघायला तिच्या शेजारी येऊन बसला. बाइंडर मात्र खुर्चीत बसून नखांतली खळ काढत राहिला, कारण डोळे पुसावेत तर लोक बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर ग्रंथपालबाईंनी त्याला गाठलंच. "बावीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे नाही, काय?"

"पान नाही, बाई. अख्खा फर्मा."

त्यांनी हसू दाबलं. "स्वतःची चूक भरसभेत सांगणारा माणूस तळघरासाठी बरा. उद्या या. फक्त काम करताना खिडकी लावून घ्या."

तेवढ्यात लेखिका आली. तिने पिशवीतून स्वतःची प्रत काढून बाइंडरच्या हातात ठेवली. कोपरे झिजलेली, बरीच वर्षं जवळ बाळगलेली. "मला ही तुमच्या लेकीच्या प्रतीसारखी शिवून द्याल?"

दुपारी बाइंडरने ती प्रत उसवली. पाच फर्मे समोर मांडले. आकडे सगळे जागच्या जागी होते आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणं त्याच्या जिवावर येत होतं. एक शिवला, दोन शिवला, आणि सवयीने हात तिसऱ्याकडे गेला.

"तो नाही, बाबा," स्टुलावरून टकळी म्हणाली. "आधी पुराचा. चुकायचंच आहे तर नीट चूक."