खिडकीतले थेंब

मित्रांनो, भाऊजींना घरातल्या या प्रवाळाच्या टाकीतून काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. बघायला आलेल्या चार लोकांनी तोंडावर म्हणावं, "अगदी भावासारखा हात आहे हो तुमचा!" आणि जिन्यात गेल्यावर हळूच म्हणावं, "भावापेक्षा काकणभर सरसच." बस. एवढ्याच कमाईसाठी सगळं झालं. मी तेव्हा शेजारच्या फळीवर होतो, म्हणून सांगू शकतो.

मी पाणी तपासण्याचा एक जुना संच आहे. दुकानात मला किट म्हणतात. एक काचेची नळी, एक पिचकारी, औषधाची एक बाटली आणि घडी घातलेला कागद, एवढाच माझा देह. खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवणाऱ्यांना माझी गरज लागते. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातून घडवतं. त्यासाठी लागणारा क्षार पाण्यात किती उरला आहे, ते मी सांगतो. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं आणि माझ्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी आधी निळं होतं. ज्या थेंबाला ते पिवळं होतं, तो आकडा खरा. थेंब जास्त लागले तर साठा भरपूर, कमी लागले तर टाकी उपाशी. मला याहून जास्त काही येत नाही. पण जे येतं त्यात मी कधी खोटं बोललो नाही.

मला दादांनी, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाने, निवडलं. दुकानात तेव्हा आम्ही पुष्कळ जण मांडलेले होतो. रंगीत पट्ट्यांची डबी होती, आकडा दाखवणारं यंत्रही होतं. दादांनी माझ्या बुडाची मुदत वाचली, बाटली उजेडासमोर धरून हलवली आणि म्हणाले, "हा द्या. याच्याशी बोलताना माणसाला मोजावं लागतं. मोजणारा माणूस झोपत नाही."

त्या घरात माझे दिवस फार सुखाचे गेले. दादा नळी भरायचे आणि दिवाणखान्यातून थेट स्वयंपाकघरात जायचे. तिथे खिडकीत मला पांढऱ्या बशीपुढे धरून थेंब मोजायचे. वहिनी म्हणायच्या, "अहो, तुमची नळी माझ्या आमटीत पडेल एक दिवस." दादा म्हणायचे, "पडली तर आमटीचा क्षार कळेल." बहुतेक वेळा आठ थेंब लागायचे. मग ते क्षाराच्या पांढऱ्या पावडरीचा एक चमचा पाण्यात विरघळवून टाकीत सोडायचे. टाकीच्या मधोमध जांभळ्या टोकांचं, हरणाच्या शिंगासारखं एक प्रवाळ होतं. मित्राकडून आणलं तेव्हा ते नखाएवढं होतं. आता दोन्ही तळहातांत मावत नव्हतं. घरात मूलबाळ नव्हतं. दोघं त्याला 'कार्टी' म्हणायचे. "कार्टी आज फुलली नाही, रागावलीय का बघा."

मग दादा गेले. छातीत कळ आली आणि गेले.

वहिनींनी काही दिवस मला हातात घेतलं. पण थेंब मोजता मोजता त्यांचे डोळे भरून यायचे, आकडा चुकायचा आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या. शेवटी त्यांनीच खालच्या मजल्यावरच्या धाकट्या दिरांना हाक मारली. "भाऊजी, माझ्याच्यानं होत नाही. तेवढी कार्टी जगवा."

भाऊजींचं कापडाचं दुकान. माणूस मेहनती, बोलायला गोड. त्यांनी टाकीची काच पुसली, नवे निळे दिवे लावले आणि दिवाणखान्याचे पडदे ओढून घेतले. अंधारात टाकी अशी काही चमकली की वहिनीसुद्धा बघत राहिल्या. मग भाऊजींनी मला घेतलं आणि टाकीसमोरच स्टूल ओढून बसले.

"दादा उगाच खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचा," ते म्हणाले. "पाणी इथं, किट इथं. स्वयंपाकघरात काय फोडणी द्यायचीय?"

मित्रांनो, इथेच घात झाला. निळ्या दिव्याखाली निळं पाणी निळं दिसतंच, पण पिवळं होऊ लागलेलं पाणीही निळसरच भासतं. आठव्या थेंबाला मी पिवळा झालो. भाऊजी थांबले नाहीत. नववा पडला. दहावा पडला. मग कुठे त्यांना रंग बदलल्यासारखा वाटला.

"दहा!" ते खूश झाले. "बघा वहिनी, दादा गरजेपेक्षा जास्त पावडर ओतत होता. आपण निम्मी करू."

निम्मी झाली. क्षार उतरू लागला. दिव्याखालचा आकडा मात्र कधी नऊ यायचा, कधी दहा. कारण आपल्याला दहा यायला हवेत, हे आता भाऊजींच्या डोळ्यांनाही पाठ झालं होतं.

कार्टीची जांभळी टोकं फिकी पडली. वहिनींनी एका सकाळी मला गुपचूप खिडकीत नेलं. सहाव्या थेंबाला मी पिवळा झालो. त्या धावत जिन्यात गेल्या.

"भाऊजी, सहाच आले हो. तुम्ही जरा खिडकीत येऊन बघा."

"रडत बघितलं असणार तुम्ही. डोळ्यांत पाणी असल्यावर नळीतलं पाणी काय दिसणार?"

"रडत नव्हते. आणि दुकानात गिऱ्हाइकाला तुम्हीच म्हणता ना, दिव्यात रंग फसतो, दारात नेऊन बघा?"

"तिथं कापड आहे वहिनी. इथं शास्त्र आहे."

वहिनी जिना चढून परत वर आल्या. ज्यांना आपणच हात जोडून बोलावलं, त्यांचा हात कसा धरायचा? त्यांनी एकदा पावडरीचा डबा उघडलाही. पण एकदम जास्त पडली तर प्रवाळ जळतं, हे दादांचं वाक्य त्यांना आठवत होतं आणि किती ते आठवत नव्हतं. चमचा त्यांनी परत ठेवला.

भाऊजींच्या मनातही कुठेतरी चुकचुकलं असावं. ते बाटलीत टाकीचं पाणी भरून, मला घेऊन दुकानदाराकडे गेले. दुकानात पांढरा ट्यूबलाइट होता. दुकानदाराने माझे थेंब मोजले. "पाच. साहेब, फारच खाली आलंय."

"घरी दहा येतात."

"घरी कुठे बघता?"

"टाकीपाशी. अजून कुठं?"

"मग तिथंच घोळ आहे. निळा दिवा बंद करा, नाहीतर उजेडात न्या..." असं म्हणता म्हणता दुकानदाराचा हात सवयीने मागे, पावडरीच्या डब्याकडे गेला.

भाऊजींनी तो हात पाहिला, आणि दुकानदाराच्या तोंडचं खरं त्यांच्यापुरतं तिथेच मेलं.

"आधी घाबरवायचं, मग माल काढायचा," बाहेर पडताना ते स्वतःशीच हसले. "अरे, मीही धंदाच करतो." निघण्याआधी त्यांनी माझ्याऐवजी वापरायला तिथूनच पट्ट्यांची डबी घेतली होती. पट्टी बुडवायची, डबीवरच्या रंगाशी ताडायची, मोजायचं काही नाही. ती डबीही निळ्या दिव्याखालीच उघडली. तिने जो रंग दाखवला तो त्यांना फार आवडला. त्यांनी पावडर पूर्ण बंद केली आणि मला फळीवर, दिव्यांच्या रिकाम्या खोक्यामागे ढकललं.

तिथून मला सगळं दिसत होतं. ओरडायला तोंड नसणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

भाऊजींनी टाकी बघायला बोलावलेली शौकीन मंडळी ठरलेल्या रविवारी आली. दिव्यांचं कौतुक झालं, काचेचं झालं. दादांचा एक जुना मित्र वाकून म्हणाला, "बुडाशी पांढरं दिसतंय रे."

"वाढ आहे ती," भाऊजी म्हणाले. "नवी वाढ पांढरीच असते."

"टोकाला असते. बुडाला नसते." पण तोवर कुणीतरी म्हणालं, "अगदी भावासारखा हात आहे हो तुमचा!" आणि त्या आवाजात मित्राचं वाक्य बुडालं. भाऊजींची कमाई त्या रविवारी पुरेपूर वसूल झाली.

पुढच्याच आठवड्यात कार्टीची कातडी चिंध्या होऊन पाण्यात तरंगू लागली. वहिनींनी खोक्यामागून मला शोधून काढलं आणि दिवाणखान्याचा पडदा सर्रकन बाजूला ओढला. तिसऱ्याच थेंबाला मी पिवळा झालो. इतका स्वच्छ पिवळा, की लहान मुलालाही कळलं असतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी चमचाभर पावडर विरघळवून सोडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडली. पण सांगाड्याला भूक नसते.

भाऊजी वर आले, वाकून टाकी पाहिली. मग म्हणाले, "दादाचा किटच जुना झाला होता." माझी मुदत तेव्हा संपलेली नव्हती. वहिनींनी ती वाचली, आणि मला स्वयंपाकघरातल्या खणात ठेवलं. माझं औषध आता आटत चाललं आहे.

मित्रांनो, मोजायचं साधन घ्याल तेव्हा त्याची मुदत बघाच. पण ते कोणत्या उजेडात धरायचं, हेही कुणाला तरी विचारून ठेवा, आणि सांगणारा हयात असताना विचारा. आवडता आकडा येईपर्यंत थेंब टाकत राहू नका.

आता शेवटची बेरीज. दुकानदाराची एक डबी खपली, त्याचं काही गेलं नाही. भाऊजींची मान थोडे दिवस खाली होती. मग टाकी गेली, तिच्या जागी सोफा आला आणि मान वर झाली. कार्टीचा जीव गेला. बाकी सगळं वहिनींनी भरलं, आणि त्यांनी तर फक्त एक गोष्ट मागितली होती.